कापूस, कवेलू आणि चूल

दसरा उलटला की यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत घरात बसायला जागा उरत नाही. पहिल्या वेचणीचा कापूस गाठोड्यांतून येतो, ओसरीत पडतो, मग आतल्या खोलीत चढत जातो. दिवाळीपर्यंत तो पाटणीला टेकतो. पोरं त्यावर उड्या मारतात. पाहुणा आला तर ढिगावर चादर टाकून त्याची निजायची सोय होते. घरातली म्हातारी मात्र चुलीपासून ढिगाच्या कडेपर्यंतचं अंतर येता-जाता नजरेनं मोजत असते.

या जिल्ह्यातलं घर निव्वळ राहण्यासाठी बांधलेलं कधीच नव्हतं. माणसं, बैलं, धान्य, सरकी, अवजारं आणि कापूस हे सगळं एकाच छपराखाली. शहरातल्या माणसाला घराची निगा म्हणजे रंगरंगोटी आणि झाडलोट वाटते. इथं तिचा अर्थ वेगळा होता आणि आहे. शेतातून जे उंबरठा ओलांडून आत येतं, त्याला विस्तवापासून, पाण्यापासून आणि लेकराच्या हातापासून लांब ठेवणं, हेच घर सांभाळण्याचं मुख्य काम. गेल्या दीडशे वर्षांत आत येणाऱ्या वस्तू बदलत गेल्या आणि त्यांच्याबरोबर घरातला धोकाही बदलत गेला.

जिल्ह्याचं नाव आधी यवतमाळ नव्हतंच. १८६४ साली वऱ्हाडाचा आग्नेय भाग वेगळा काढून नवा जिल्हा झाला, तो पुढं वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला. १९०५ च्या फेररचनेत पुसद तालुका त्याला जोडला गेला आणि नाव यवतमाळ झालं. ही वर्षं कापसाच्या इतिहासातही महत्त्वाची आहेत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. १८६७ पर्यंत मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली. यवतमाळचा माल बैलगाड्यांनी धामणगावच्या स्टेशनावर जायचा. १९०३ मध्ये मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, जिला लोक पुढं लाडानं शकुंतला म्हणू लागले.

या सगळ्यात घराचं काय झालं? जिनिंगचे कारखाने येण्याआधी सरकी वेगळी करायचं काम घरातच चालायचं. बाया लाकडी रेच्यावर बसून कापूस पिळायच्या, रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. कापूस येई तसा खपत जाई. कारखाने आले तसं हे काम घराबाहेर गेलं, पण कापूस काही घराबाहेर गेला नाही. उलट तो घरात जास्त दिवस राहू लागला, कारण आता तो विकायचा माल होता आणि विक्रीचा दिवस शेतकऱ्याच्या हाती नव्हता. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, ती जवळपास तीन दशकं चालली. त्या काळी खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांच्या रांगा लागत. रांगेत गाडी लावून माणूस थंडीत रात्र काढी, माप झालं की चुकाऱ्याची वाट बघे. नंबर लागेपर्यंत घरातला ढीग तसाच. २०२१-२२ च्या हंगामात क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला. पुढच्या वर्षी तोच भाव पुन्हा येईल या आशेवर लोकांनी कापूस घरात धरून ठेवला. तो आला नाही. उन्हाळा लागला तरी खोल्या भरलेल्या होत्या, आणि विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी अंगाला खाज सुटल्याच्या, पुरळ उठल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. महिनोन्महिने साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि त्याच खोलीत माणसं झोपतात. भाव पडला की त्याची झळ अशी अंथरुणापर्यंत येते.

आता त्या घराकडं बघू.

जुन्या गावाची जागा लोकांनी सहज निवडलेली नाही. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही वाटणी वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. काळ्या मातीत असलेली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर खोल भेगा टाकते. शेताला हे चालतं. भिंतीला नाही. म्हणून गाव वसायचं ते मुरमाड उंचवट्यावर, आणि भिंती उठायच्या त्या पांढऱ्या मातीच्या. ही माती पाण्यानं फारशी फुगत नाही. गावात पडकी गढी असली तर तिची पांढरी माती लोक खणून न्यायचे. अनेक गढ्या अशाच घरांच्या भिंतींत आणि धाब्यांवर जाऊन बसल्या आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला याचं दुःख होईल, पण माती टिकाऊ आहे हे गावकऱ्यानं दीड-दोनशे वर्षांचा पुरावा बघून ठरवलं होतं.

ज्याला मातीच्या भिंती परवडत नव्हत्या त्याचं घर कुडाचं. तुरीच्या तुराट्या किंवा कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या बांधायच्या, त्यावर शेण-मातीचा गिलावा. झरी जामणी, मारेगाव, केळापूर भागातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, बांबूच्या विणलेल्या भिंती असत, त्यांनाही तसाच लेप. हा लेप शोभेपुरता नव्हता. सारवलेल्या भिंतीत फटी उरत नाहीत, आणि फट नसली की विंचू, ढेकूण, वाळवी यांना आसरा मिळत नाही. चुन्याची सफेदीही याच हिशेबातली. वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्यांमुळं चुना या मुलखात परका नव्हता. नुकता भिजवलेला चुना जबर दाहक असतो, त्यामुळं बुरशी आणि किडे मरतात. डोळ्यांत उडाला तर डोळाही जातो. चुना भिजवताना पोरांना अंगणाबाहेर हाकलायची जुनी शिस्त होती. ती आजही पाळावी अशीच आहे.

छपराचा वार्षिक सोहळा म्हणजे फेरणी. मे महिन्यात घर फेरायचं, म्हणजे सगळे कवेलू (कौलं) उतरवून फुटके वेगळे काढायचे, खालच्या बांबूच्या ताट्या तपासायच्या, वाळवीनं खाल्लेला वासा बदलायचा आणि मृग लागायच्या आत पुन्हा रचायचं. फेरणाऱ्याला छपरावर पाय कुठं ठेवायचा हे ठाऊक असावं लागे. पाय वाशावरच पडला पाहिजे. घराच्या डोक्याची ही वर्षातून एकदा होणारी कसून तपासणी होती, आणि तिच्यामुळं कुजलेलं लाकूड पावसाआधी सापडायचं. मग वानरं आली. जंगल आटलं तसे वानरांचे कळप गावात शिरू लागले, एका उडीत दहा-वीस कवेलू फुटू लागले. कवेलू घडवणारे कुंभारही कमी झाले. लोकांनी टिनं टाकली. टिनाला फेरणी लागत नाही, ही त्याची सोय आणि हाच त्याचा तोटा. आता छपरावर कोणी चढून बघत नाही. वैशाखातल्या वावटळीत टिनं उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवतात आणि वारा वाढला की तेच दगड घरात पडतात. आकड्याचे बोल्ट वाशाला नीट कसले असतील तर दगडांची गरज लागत नाही. पण बोल्टाला पैसे पडतात, दगड फुकट असतो.

छपराचं सामान जंगलातून यायचं. सागाचे वासे, बांबू, गवत. सरकारनं जंगल राखीव केलं तेव्हा गवताच्या भाऱ्यावरही बंधन आलं. १० जुलै १९३० रोजी वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला, तो या पार्श्वभूमीवर. मिठाच्या सत्याग्रहाला समुद्र लागतो. वऱ्हाडाला समुद्र नव्हता, जंगल होतं. बैलाची वैरण आणि गरिबाचं छप्पर ही दोन्ही त्या गवताशी बांधलेली होती.

याच घरात चूल होती.

चूल आणि कापूस एका छपराखाली ठेवायचे, तर नियम हवेतच. ते कुठं लिहिलेले नव्हते, पण मोडले तर घर जायचं. काडेपेटी महाग होती तेव्हा रात्री विस्तव राखेखाली झाकून ठेवायचा आणि सकाळी उकरायचा. शेजारीण विस्तव मागायला आली तर तो गोवरीवर ठेवून द्यायचा. मात्र कापसाचे दिवस असले तर तिला ओसरीतून नव्हे, परसदारानं पाठवायचं. उजेडाला आधी जवसाच्या, करडईच्या तेलाचे दिवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉकेल आलं आणि बरोबर त्याचे पत्र्याचे डबेही. डब्याचं झालं पाण्याचं भांडं, दाराची फळी, छपराचं ठिगळ. बाटलीच्या तोंडात वात खोचली की झाली चिमणी. उघड्या ज्योतीची ही चिमणी कापसाच्या खोलीत न्यायची नाही, तिथं जायचं तर काचेचा कंदील, हा दंडक होता. कंदील परवडत नसे त्यानं अंधारात चाचपडावं, पण चिमणी नेऊ नये.

कापसाची आग इतर आगींसारखी नसते. ढिगाच्या पृष्ठभागावरचे सुटे तंतू क्षणात पेटतात, ज्वाळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावते आणि विझल्यासारखी होते. खरी आग तेव्हा आत शिरलेली असते. कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळं ओतलेलं पाणी आत मुरत नाही, वरून ओघळून जातं. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत गठाणीच्या पोटात धुमसणारा निखारा दिवसानं, कधी त्याहून उशिरा वर येतो. म्हणून कापूस विझवताना तो ओढून बाहेर काढणं, फोडून पसरणं आणि मग भिजवणं हाच उपाय आहे. विझला म्हणून ढीग तसाच ठेवून झोपी जाणं, यासारखी चूक नाही.

चिमण्या गेल्या तरी धोका संपलेला नाही. आता त्याच खोलीत भिंतीवर बोर्ड असतो, त्याला लोंबणारी वायर असते, त्यावर मोबाइल आणि फवारणीच्या पंपाची बॅटरी चार्जिंगला लावलेली असते. प्लग सैल असला की ठिणगी पडते. कापसानं बोर्ड झाकला गेला असेल तर ती दिसतही नाही. जुन्या दंडकाचं नवं रूप सोपं आहे. ज्या खोलीत कापूस, तिथल्या बोर्डाचा फ्यूज काढून ठेवायचा आणि ढीग भिंतीपासून हातभर सरकवून रचायचा. गॅसचा सिलिंडर तर त्या खोलीत नकोच.

साठा आला की उंदीर येतो आणि उंदरामागं साप येतो. सरकी, ज्वारी, तूर यांच्या कणग्या घरातच असायच्या. कणगी जमिनीपासून उचलून ओट्यावर किंवा लाकडी पाट्यांवर ठेवायची, तिच्याखाली हात फिरेल इतकी जागा सोडायची, धान्यात राख किंवा कडुनिंबाचा पाला घालायचा, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावायचा. या सगळ्याला शास्त्राचा आधार आहे. एरंडेलामुळं भुंग्याची अंडी दाण्याला नीट चिकटत नाहीत, आणि उचलून ठेवलेल्या कणगीखाली बीळ लपत नाही. बाजेवर निजणं हाही याच शहाणपणाचा भाग. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पांघरुणाशी येते, तिचा दंश इतका हलका असतो की कित्येकांना कळतही नाही. सकाळी पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. बाज आणि नीट खोचलेली मच्छरदाणी या दोन वस्तूंनी मण्यारपासून जितकं रक्षण होतं तितकं कोणत्याही मंत्रानं होत नाही. परड, म्हणजे पुस्तकातली घोणस, पऱ्हाटीच्या गंजीत आणि कडब्यात सापडते. सरपण काढताना आधी काठीनं हलवावं, मग हात घालावा, हे इथल्या प्रत्येक सासूनं सुनेला सांगितलेलं असतं.

या संथ चाललेल्या जगात विसाव्या शतकाच्या मध्याला एक नवी वस्तू आली, विष.

ते आलं सरकारी पाहुणा म्हणून. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पाठीवर पंप घेतलेली माणसं घराघरात डीडीटी फवारू लागली. दारावर गेरूनं किंवा डांबरानं तारीख टाकायची, पुढची फेरी कधी हे त्यावरून कळायचं. डीडीटीचा गुण असा की ते भिंतीवर महिनोन्महिने टिकतं आणि तिथं विसावलेला डास मरतो. पण इथल्या बायांना डागाळलेली भिंत कशी पाहवणार? पथक गेलं की सण बघून भिंत पुन्हा सारवली जायची. शेणाच्या थराखाली डीडीटी निजून जाई आणि डास सुखानं वर बसत. स्वच्छतेच्या सवयीनं आरोग्याचा उपाय पुसून टाकला, आणि यात चूक कुणाची हे ठरवणं कठीण आहे. फवारणी करणाऱ्यांनी सारवणाचं वेळापत्रक विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यातून दोन आवाज या गावांत फिरत होते. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना झाडायचे. तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ग्रामगीतेत गावाची शुद्धी आणि आरोग्य यांना भक्तीच्या बरोबरीनं जागा दिली. अंगणातला उकिरडा, तुंबलेली मोरी, विहिरीच्या काठावरचं धुणं हे विषय भजनात आले, ही वऱ्हाडाची कमाई. विषाच्या बाटलीबद्दल बोलायची वेळ मात्र अजून यायची होती.

शेतीतलं विष साठनंतर वेगानं पसरलं. संकरित कापसावर अळी पडू लागली, तिच्यावर एन्ड्रिन आलं, आणि ते इतकं घरोघरी पोचलं की एन्ड्रिन पिणं हा आत्महत्येसाठी सरसकट वापरला जाणारा शब्द बनला. पुढं १९९० मध्ये त्यावर देशात बंदी आली. पण तोवर दुसरी डझनभर नावं रुळली होती. कायदा त्याआधीच झाला होता, तोही एका अपघातातून. १९५८ मध्ये केरळात जहाजातून येताना फॉलिडॉल नावाचं कीटकनाशक धान्यात सांडलं, ते खाऊन शंभरावर माणसं दगावली. चौकशी झाली, दहा वर्षांनी १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ च्या नियमांनी बाटलीवर रंगीत त्रिकोण छापायची सक्ती केली. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल त्रिकोणात कवटी आणि हाडं. अक्षर न ओळखणाऱ्यालाही कळावं ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगली, पण बाटली रिकामी झाल्यावर ती धुऊन तिच्यात गोडं तेल किंवा रॉकेल भरलं जातं, आणि त्रिकोण केव्हाच सोलून गेलेला असतो.

२०१७ च्या खरिपात या कहाणीनं यवतमाळला देशाच्या बातम्यांत नेलं. ऑगस्टपासून फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर चक्कर, उलट्या, धूसर दिसणं अशा तक्रारी घेऊन यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येऊ लागले. शेकडो दाखल झाले, जिल्ह्यात वीसहून अधिक दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, हवा दमट होती, अळी आवरत नव्हती. दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती आणि नव्या पंपांचे बारीक तुषार थेट चेहऱ्यावर येत होते. एकाच जातीचं विष असेल तर काही वेळा डॉक्टरांच्या हाती अॅट्रोपिनसारखा उतारा असतो. मिश्रण असेल तर काय अंगात गेलं हेच आधी कळत नाही. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, आणि मोनोक्रोटोफॉससह पाच प्रकारच्या कीटकनाशकांच्या विक्रीला यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या जिल्ह्यांत काही काळ मनाई केली.

चर्चा सगळी शेताची झाली. घराची फार झाली नाही. ती व्हायला हवी होती. फवारणी करून आलेला माणूस भिजलेल्या सदऱ्यानं ओसरीत बसतो, लेकरू मांडीवर येतं, सदरा संध्याकाळी घरच्या कपड्यांत धुतला जातो. उरलेली बाटली देवळीत किंवा आढ्याच्या खाचेत ठेवतात, कधी ज्वारीच्या कणगीमागं. एका छपराखाली विस्तव आणि कापूस वेगळे ठेवायला ज्या घरानं शंभर वर्षांत इतके दंडक घालून घेतले, त्याच घरात विषासाठी कोनाडासुद्धा ठरलेला नाही, कारण हा पाहुणा आजीच्या आठवणीतला नाही. आजीनं सांगितलं असतं तर ते काहीसं असं झालं असतं: बाटली घरात आणूच नये, गोठ्याच्या बाहेर कुलपाची पेटी करावी. फवारणीचा सदरा वेगळ्या बादलीत, विहिरीपासून लांब धुवावा. माणसानं आधी साबणानं अंघोळ करावी, मगच लेकराला उचलावं. रिकामी बाटली तीनदा विसळून, भोसकून, मातीत पुरावी. आणि दवाखान्यात जाताना माणसाबरोबर बाटलीही न्यावी, म्हणजे डॉक्टरला वरचं नाव वाचता येईल.

पाण्याची गोष्ट थोडक्यात. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी आणि हातपंप गावोगाव आले, उघड्या विहिरीच्या गढूळ पाण्यातून सुटका झाली. पण पांढरकवडा, झरी, मारेगाव, वणी या पट्ट्यात खोलवरच्या पाण्यात फ्लोराइड निघालं. मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडू लागले, मोठ्यांचे सांधे आखडू लागले. इथं घरगुती शहाणपण उलटं पडतं. पाणी उकळून प्यावं हा सल्ला जंतूंसाठी खरा, फ्लोराइडसाठी नाही. उकळल्यानं पाणी आटतं आणि फ्लोराइडचं प्रमाण वाढतं. नागपूरच्या नीरी या संस्थेनं सत्तरच्या दशकात चुना आणि तुरटी वापरून बादलीतसुद्धा करता येईल अशी रीत काढली, तिला नालगोंडा पद्धत म्हणतात. दोन्ही वस्तू घरातल्याच. प्रमाण मात्र पाण्याच्या तपासणीवरून ठरतं, अंदाजानं नव्हे.

उन्हाळ्यासाठी इथं वेगळा इतिहास आहे. साहेबाच्या बंगल्यात आणि कचेरीत वाळ्याच्या ताट्या लागायच्या, त्यावर पाणी शिंपडायला माणूस असायचा. गरिबाच्या घरी जाड मातीची भिंत तेच काम फुकट करायची. सिमेंटचं घर आणि टिनाचं छप्पर आलं तेव्हा ती भिंत गेली आणि तिच्या जागी कूलर आला. पत्र्याची पेटी, गवताच्या किंवा लाकडाच्या बारीक तंतूंच्या जाळ्या, खाली टाकी, आत पंप. विदर्भात मार्च संपता संपता तो गच्चीवरून खाली येतो आणि दर उन्हाळ्यात त्याचा धक्का बसून कुणीतरी जातं. बहुतेक वेळा प्रसंग एकच असतो: कूलर चालू असताना कुणी बाई किंवा पोर ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून टाकीत पाणी भरतं. महावितरण दरवर्षी सांगते की पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढा, तीन पिनांचाच प्लग वापरा, अर्थिंग तपासा. अर्थिंगचा मुद्दा या मातीत जास्त महत्त्वाचा. उन्हाळ्यात काळी माती सुकून आक्रसते, तिच्यातून वीज जमिनीत सहज उतरत नाही. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये बादलीभर पाणी ओतत राहणं हे कूलरात पाणी ओतण्याइतकंच नेमानं करायचं काम आहे. टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करून घासावी लागते, नाहीतर डेंग्यूचा डास तिथंच वाढतो.

नवी घरंही आता पांढरीत मावत नाहीत. यवतमाळ, पुसद, वणीच्या भोवती जुन्या शेतांवर लेआउट पडले, घरकुलंही काळीवर उभी राहिली. जमीन फुगते-आक्रसते आणि नव्या भिंतीला तिरकी भेग जाते. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी खाली फुगीर गाठ असलेले खांब जमिनीत उतरवण्याची पद्धत काढली, पण खेड्यातल्या घराला तेवढा खर्च झेपत नाही. मुरमाची जाड भर, भोवती उताराची फरशी आणि न्हाणीचं पाणी पायाशी मुरू न देणं, इतकं तरी केलं तर भेग बरीच आवरते. जुन्या घरांत न्हाणी मागच्या बाजूला, घरापासून सुटी का असायची, याचं एक कारण इथं सापडतं.

राहिली पऱ्हाटीची गंजी. वेचण्या संपल्या की पऱ्हाट्या उपटून घरामागं रचतात, वर्षभराच्या सरपणाला. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर २०१६ नंतर अनेक घरांत आला, पण तो पुन्हा भरायचा तर पैसे मोजावे लागतात, पऱ्हाटी आपल्याच शेतातली. अंघोळीचं पाणी, भाकरी, गुरांचं आंबवण अजून तिच्यावरच होतं. गंजी घराला लागून असेल तर तिची आग घरात येते, म्हणून ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला, छपरापासून चांगली लांब रचायची हा जुना नियम. गुलाबी बोंडअळीनं त्यात नवी भर घातली आहे. न फुटलेल्या, किडक्या बोंडांत अळी सुप्त होऊन बसते, पऱ्हाटीबरोबर घराशी येते, उन्हाळा काढते आणि पावसाळ्यात पतंग होऊन शेजारच्या नव्या कापसावर उडते. २०१७ मध्ये बीटी कापूस ज्या अळीपुढं हरला ती हीच. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी खातं तेव्हापासून दरवर्षी सांगतात की हंगाम डिसेंबर-जानेवारीत संपवा, पऱ्हाट्यांची बारीक कुट्टी करून जमिनीत गाडा, गंजी लावू नका, जिनिंगच्या आवारात आणि कापूस साठवलेल्या जागी कामगंध सापळे लावा. शेताच्या दृष्टीनं सल्ला चोख आहे. तो देणाऱ्याला चुलीत काय घालायचं हे मात्र गावातली बाई विचारते, आणि तिला अजून कुणी पुरतं उत्तर दिलेलं नाही. तोवर ती रचण्याआधी पऱ्हाटी झटकून घेते, किडकी बोंडं वेगळी काढून जाळते आणि उरलेल्याची गंजी लावते.